पाऊस यायच्या आत कपाट लावा: मुंबईकडच्या लहान घरात मोसमी कपडे कसे ठेवायचे

लग्नानंतर साताऱ्याहून डोंबिवलीला आले तेव्हा माझ्यासोबत एक लोखंडी ट्रंक, दोन सुटकेस आणि आईने शिवून घेतलेल्या तीन गोधड्या होत्या. घर ४१० चौरस फुटांचं. ट्रंक हॉलमध्ये ठेवली तर दार पूर्ण उघडेना, बेडरूममध्ये ठेवली तर कपाट उघडेना. शेवटी लोकरीचं आणि रेशमी जे काही होतं ते जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरलं, पिशव्यांची तोंडं सुतळीने आवळली आणि सगळं दिवाणात टाकलं. तो जूनचा शेवटचा आठवडा होता, बाहेर धो धो पाऊस. ऑक्टोबरात पिशवी सोडली तर ओल्या पोत्याचा वास आला आणि नवऱ्याच्या रिसेप्शनच्या ब्लेझरच्या कॉलरवर रुपयाएवढे राखाडी-हिरवे ठिपके दिसले.

साताऱ्याला आमची ट्रंक माळ्यावर वर्षानुवर्षं बंद असायची, कधी काही झालं नाही. इथे चार महिन्यांत बुरशी. मला वाटलं होतं, अडचण जागेची आहे. जागा कमी आहेच, पण कपडे खराब करते ती ओल. हे कळायला मला दोन पावसाळे लागले, तुम्हाला लागू नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. मुंबई, ठाणे, वसई-विरार, पनवेल, कोकणपट्टी आणि गोवा इथे नव्याने राहायला आलेल्यांना हे जसंच्या तसं लागू पडेल. पुणे-नाशिकवाल्यांनी ओलीची भीती थोडी कमी करून वाचावं.

१. वर्षातले दोन शनिवार-रविवार आधी ठरवा

दिल्लीकडे थंडी संपली की स्वेटर आत आणि सुती कपडे बाहेर, असं सरळ गणित असतं. आपल्याकडे थंडी म्हणजे जानेवारीतल्या आठ-दहा पहाटा. इथल्या कपड्यांना ऋतू दोनच: पाऊस आणि पाऊस नाही. हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांप्रमाणे मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. या दोन तारखांच्या मधे कुठलाही कपडा 'ठेवणीत' टाकायचा नाही. जे ठेवायचं ते त्याआधी.

म्हणून एक शनिवार-रविवार एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि दुसरा ऑक्टोबरात पाऊस पूर्ण थांबल्यावर. ऑक्टोबर हीटला आपण शिव्या घालतो, पण कपड्यांना तसलं ऊन हवंच असतं.

सापळा: मे महिन्यात गावी जायचं असतं, त्यामुळे 'आल्यावर बघू' होतं. आल्यावर ४ किंवा ५ जून उजाडलेला असतो, आकाश भरून आलेलं असतं आणि शाळेच्या वह्यांना कव्हरं घालायची असतात. गावाला जायच्या आधी उरका.

२. आधी टेप घ्या, मग बाजारात जा

मी उलट केलं होतं. पलंगाखाली सरकणारे चाकांचे तीन प्लॅस्टिकचे डबे हौसेने आणले आणि घरी आल्यावर कळलं की पलंगाखाली मोकळी जागा साडेपाच इंच आणि डबा सात इंच उंच. ते डबे आता कांदे-बटाटे सांभाळतात.

मोजायचं काय? दिवाणाच्या आतली लांबी-रुंदी-खोली, कपाटावरच्या लॉफ्टच्या दाराची रुंदी (आत जागा खूप असते, दारातून डबा जात नाही), पलंगाखालची उंची आणि रिकाम्या सुटकेसचे आकार. सहा बाय पाच फुटांच्या दिवाणात तळ दहा इंच खाली असेल तर साधारण पंचवीस घनफूट जागा मिळते. चौघांच्या घराला ती पुरते, फक्त त्यात जुना मिक्सर, लग्नाचे अल्बम आणि नवऱ्याची इंजिनीअरिंगची पुस्तकं नसावीत.

मोजताना भिंतींकडेही बघा. कपाट बाहेरच्या किंवा बाथरूमच्या भिंतीला चिकटलेलं असेल तर त्या बाजूचा कप्पा पावसाळ्यात दमट राहणारच. कपाट दोन-तीन इंच पुढे ओढता आलं तर ओढा. भिंतीतच बसवलेलं असेल तर त्या कप्प्यात पॉलिस्टरचे कपडे ठेवा, रेशीम नको.

३. काय काय लागेल

- जुनी सुती धोतरं, ओढण्या, विटलेल्या चादरी. बोहारणीला देऊ नका, याच खरं कामाला येतात.
- दोन-तीन मीटर कोरं मलमल, खळ काढून धुतलेलं
- चेनच्या कापडी पिशव्या, साडी कव्हरसकट. एका बाजूने पारदर्शक असल्या तरी दुसरी बाजू कापडाचीच हवी.
- झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे, फक्त पॉलिस्टर, रेनकोट वगैरेंसाठी
- आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र, म्हणजे हायग्रोमीटर. पाचशे रुपयांच्या आत येतं. या सगळ्यात माझ्या मते सर्वांत वसूल झालेला खर्च.
- सिलिका जेल, पाव किलोपासून पुढे. ओलाव्याने रंग बदलणारे दाणे हवे असतील तर नारिंगी घ्या. निळ्यात कोबाल्टचं संयुग असतं, घरात लहान मूल असेल तर ते नकोच.
- पक्की शिडी. प्लॅस्टिकच्या स्टुलावर उशी ठेवून लॉफ्टपर्यंत पोहोचायचा प्रयोग मी केलेला आहे, तुम्ही करू नका.
- मार्कर, कागद, चिकटपट्टी

४. सगळं एकदम बाहेर काढू नका

व्हिडिओंमध्ये अख्खं कपाट पलंगावर ओततात. त्यांच्याकडे झोपायला दुसरी खोली असते. वन बीएचकेत एका वेळी एकच कप्पा काढायचा, तो पूर्ण संपवायचा, मग पुढचा.

प्रत्येक कपड्याला एकच प्रश्न: हा पुढच्या चार महिन्यांत कोण, कधी घालणार? त्यातून ढीग आपोआप पडतात. रोजचे कपडे परत कपाटात. देऊन टाकायचे वेगळे (आमच्या इमारतीत महिन्या-दोन महिन्यांनी बोहारीण येते, पातेलं-डबा काहीतरी पदरात पडतं). ठेवणीतले वेगळे. आणि चौथा ढीग बहुतेक जण विसरतात: श्रावण-भाद्रपदाचा. मंगळागौर, गणपती, गौरी हे सगळं ऐन पावसात येतं. त्या साड्या आणि कुर्ते ठेवणीच्या तळाशी गेले तर ऑगस्टमध्ये, हवा सर्वांत दमट असताना, अख्खी ठेवण उपसावी लागते आणि मेमधली सगळी मेहनत वाया जाते.

आमच्याकडे दोन गौरींच्या दोन साड्या, सासूबाईंच्या दोन, माझ्या दोन आणि मुलाचा झब्बा अशी एक कापडी पिशवी मेमध्येच वेगळी बांधते. ती हाताशी येणाऱ्या वरच्या कप्प्यात राहते. बाकीच्या रेशमाला ऑक्टोबरपर्यंत हवा लागत नाही.

५. धुणं आणि वाळवणं, इथे घाई नको

'एकदाच तर घातला होता' म्हणून न धुता ठेवलेला कपडा सर्वांत आधी जातो. घाम, सरबताचे न दिसणारे थेंब, गळ्याशी लागलेली पावडर हे सगळं महिनोन्महिने पडून पिवळं होतं आणि किड्यांना खाऊ मिळतो. कांजी केलेल्या सुती साड्यांचं तसंच. कसर (चंदेरी रंगाचा छोटा किडा) पिठूळ पदार्थांवर जगते, त्यामुळे ठेवणीत टाकायच्या आधी साडी साध्या पाण्यातून दोनदा काढून कांजी घालवा. नेसायच्या आधी पुन्हा करता येते.

लोकरीचे कपडे थंड किंवा जेमतेम कोमट पाण्यात, लोकरीसाठीच्या द्रव साबणात. पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि आडवं पसरून वाळवायचं. दोरीवर टाकलेला ओला स्वेटर स्वतःच्याच वजनाने लोंबतो आणि पुढच्या वर्षी बाह्या गुडघ्यापर्यंत येतात.

आता वाळण्याबद्दल. कापड हाताला कोरडं लागलं म्हणजे त्यात पाणी नाही, असं नसतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असताना सुती कापड स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी धरून असतं, रेशीम ११ टक्के आणि लोकर तर १६ टक्क्यांच्या आसपास. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे दोन किलोचं लोकरीचं ब्लँकेट कोरडं वाटत असतानाही पोटात तीनशे मिली पाणी घेऊन बसलेलं असतं. जुलैत हवा ८५ टक्क्यांवर गेली की आणखी जास्त. मी जूनच्या शेवटी प्लॅस्टिकच्या पिशव्यांची तोंडं आवळली होती, म्हणजे हे सगळं पाणी मी स्वतःच्या हाताने आत कोंडलं होतं.

म्हणून मेमध्ये ऊन दाखवायचं. गोधड्या, रजया, ब्लँकेटं यांना सकाळी अकरा ते तीन असं दोन दिवस सणसणीत ऊन, मधे एकदा उलटून. रेशमाला ऊन नको, रंग उडतो. त्याला सावलीत, पंख्याखाली किंवा गॅलरीच्या आतल्या बाजूला तीन-चार तास हवा द्या. चारच्या आत सगळं घरात घ्या, संध्याकाळी खाडीकडून येणारा वारा कपडे पुन्हा मऊ करून टाकतो.

गच्चीला कुलूप असतं, हे धरूनच चाला. आदल्या दिवशी सेक्रेटरींना सांगून किल्ली मागून ठेवा. आमच्याकडे 'गच्चीवर कपडे वाळत घालू नयेत' असा फलक आहे, पण वर्षातून दोन दिवसांसाठी कुणी अडवत नाही. गोधड्या घेऊन जिने चढणाऱ्या बाईला नाही म्हणायचा धीर होत नसावा.

६. कुठला कपडा कुठे

*स्वेटर, थर्मल, जॅकेट: प्रवासाच्या बॅगेत.* मुंबईत स्वेटर लागतो कधी? महाबळेश्वरला, हिमाचलला किंवा डिसेंबरात गावाला जाताना. म्हणजे स्वेटर निघणार तो बॅगेतूनच. मग त्याचं घर बॅगच असू दे. प्रत्येक स्वेटर जुन्या ओढणीत गुंडाळायचा, बॅगेत आडवा ठेवायचा. रिकाम्या सुटकेस घरात जागा अडवतात आणि पोटात नुसती हवा घेऊन बसतात, तेवढी जागा फुकटात मिळाली. बॅगेची चेन दोन-तीन इंच उघडी राहू द्या.

*गोधड्या, रजया: दिवाणात.* तळाला आधी जुनी चादर अंथरा, प्लायच्या तळावर थेट नको. तळमजल्यावर राहत असाल तर चादरीखाली लाकडी पट्ट्या टाकून गोधड्या इंचभर उचलून ठेवा. गच्च कोंबू नका, तळहात आत सरकला पाहिजे.

*पॉलिस्टरच्या रजया, फुगीर जॅकेटं: हवा काढायच्या पिशव्यांत.* व्हॅक्यूमच्या पिशव्यांबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. माझं असं की पॉलिस्टरसाठी त्या उत्तम, एक डबल रजई उशीएवढी होते. पण पिसांच्या रजया, लोकर आणि जर यांना तिथे जागा नाही. पिसं महिनोन्महिने दाबून राहिली की फुगणं विसरतात, आणि जरीची घडी तुटते. पिशवी पाऊणच भरा. कपडे ठणठणीत वाळलेले नसतील तर वापरू नका. आणि दिवाणाच्या आतल्या खिळ्यांवर आधी हात फिरवा. माझी पहिली पिशवी एका खिळ्याने तासाभरात फुगवून दिली.

*लॉफ्ट:* वरच्या मजल्यावरच्या घरांत लॉफ्ट एप्रिल-मेमध्ये तापतो आणि पावसात स्लॅब पाझरला तर आधी तोच भिजतो. तिथे फक्त झाकणाचे डबे आणि त्यात पॉलिस्टर, मुलांचे गॅदरिंगचे पोशाख, पुढच्या वर्षी मुलाला होतील असे कपडे.

*ब्लेझर, शेरवानी:* रुंद खांद्याच्या हँगरवर, सुती कव्हरात. ड्रायक्लीनहून आलेलं पातळ प्लॅस्टिक घरात शिरताच काढून टाका आणि कपडा एक दिवस उघड्यावर लटकवा. एका दुकानातून आलेली शेरवानी मी तशीच पिशवीसकट टांगली होती. सहा महिन्यांनी अस्तरातून रॉकेलसारखा वास येत होता, तो जायला आठवडा लागला.

प्रत्येक बॅगेवर आकडा आणि कपाटाच्या दाराला आतून यादी. '३: स्वेटर, कानटोप्या, आईची शाल.' बस. यासाठी अ‍ॅप वगैरेची गरज नाही.

गावच्या घरी नेऊन ठेवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. घर कोकणात असेल तर ओल इथल्याहून जास्त आणि उंदीर वेगळे. माझ्या जावेच्या दोन रजया रत्नागिरीला उंदरांच्या बाळंतपणाला कामी आल्या.

७. पैठणी, शालू आणि जरीचं बाकी सगळं

हा भाग सावकाश वाचा. कारण स्वेटर पुन्हा मिळतो, आईचा शालू मिळत नाही.

खरी जर म्हणजे धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. देवघरातली चांदी जशी काळी पडते तशीच ही पडते, आणि कारणही तेच: हवेतली गंधकाची संयुगं. लोकरीतही गंधक असतं आणि रबरातही. म्हणून जरीची साडी शालीसोबत ठेवायची नाही आणि घडीला रबरबँड लावायचा नाही. अत्तर, डिओ साडीवर मारायचा नाही, अंगाला लावून वाळल्यावर साडी नेसायची.

घडी घालताना जर आतल्या बाजूला, आणि पदराच्या भरजरी भागावर मलमलचा तुकडा. असं केलं की जर जरीवर घासत नाही. मग अख्खी साडी मलमलमध्ये किंवा मऊ झालेल्या धोतरात गुंडाळा. वर्तमानपत्रात नको, शाई लागते आणि कागद पिवळा पडताना कापडालाही पिवळं करतो. पैठणी हँगरवर नको, पदराच्या वजनाने रेशीम ताणलं जातं. लोखंडी हँगर तर अजिबात नको, दमट हवेत गंजाची रेघ उमटते आणि ती सहसा जात नाही.

साड्यांच्या चवडीत वजनदार खाली, हलक्या वर, आणि एका चवडीत पाच-सहाच. सासूबाई दर तीन महिन्यांनी घडी मोडतात. आधी तीन पदरी असेल तर पुढच्या वेळी चार पदरी. मी सुरुवातीला याला नुसती सवय समजत होते. मग त्यांनी त्यांच्याच एका साडीची जुनी घडी उजेडात धरून दाखवली. वीस वर्षं एकाच रेघेवर मोडलेलं रेशीम त्या रेघेवर चाळणीसारखं झालं होतं, दोऱ्यांमधून खिडकीची जाळी दिसत होती. ती साडी त्यांच्या मावशीकडे होती तोवर कधी उलगडलीच गेली नव्हती.

गौरींच्या दिवसांत नेसलेली साडी लगेच घडी करून ठेवू नका. रात्रभर पंख्याखाली, रुंद दांडीवर. घामाचे डाग असतील तर त्याच आठवड्यात ड्रायक्लीनला. दिवाळीपर्यंत थांबलात तर काखेशी पिवळा चंद्र उगवलेला असतो.

८. डांबरगोळ्या, वेखंड आणि ओल शोषणाऱ्या डब्या

लोकर आणि रेशीम खाते ती पतंगाची अळी. उडणारा पतंग स्वतः काही खात नाही, अंडी घालतो. डांबरगोळ्यांची वाफ त्या अळ्यांना मारते, पण बंद जागेत पुरेशी साठली तरच. ती हवेपेक्षा जड असते, म्हणून गोळ्या कपड्यांच्या वरच्या थरात, कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवायच्या. कपड्याला थेट टेकवायच्या नाहीत, जरीला तर नाहीच. डांबरगोळ्या आणि कापूर एकत्र ठेवू नका, दोन्ही मिळून पातळ होतात आणि तेलकट डाग पडतो.

आणि घरात तान्हं बाळ असेल तर गोळ्या नकोतच. काही मुलांमध्ये जी-सिक्स-पी-डी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात गुंडाळलं तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. कमतरता आहे हे आधी माहीत नसतं. रांगतं मूल असेल तर दुसरी भीती, गोळ्या पेपरमिंटसारख्या दिसतात.

वेखंड, लवंग, कडुनिंबाचा वाळलेला पाला यांचा वास मलाही आवडतो आणि आमच्या ठेवणीत वेखंडाची पुरचुंडी असतेच. पण त्यांच्या भरवशावर राहू नका. कडुनिंबाचा पाला अर्धवट वाळलेला असेल तर उलट ओलच आत नेतो.

सिलिका जेलचं गणित करून बघा. चांगलं जेल स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी शोषतं. चपलांच्या खोक्यात येणारी पाच ग्रॅमची पुडी म्हणजे जेमतेम दीड-दोन मिली. वर त्या ब्लँकेटमधलं तीनशे मिली आठवा. पुडी टाकून निर्धास्त झालात तर ती फक्त मनाची समजूत. मी एका बॅगेला दोनशे ग्रॅम टाकते, आणि तेही बॅग आधीच कोरडी असेल तर. दाण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास, पुन्हा ताजे.

बाजारात पांढऱ्या दाण्यांच्या, खाली पाणी जमणाऱ्या डब्या मिळतात. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं, शोषतात खूप. मात्र जमलेलं पाणी म्हणजे दाट खारवणी. आमची एक डबी वरच्या कप्प्यात कलंडली आणि खालच्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरं मीठ फुललं. डबी नेहमी तळाच्या कप्प्यात, ताटलीत, आणि पंधरा दिवसांनी बघायची.

९. पावसाळ्यात काय करायचं

फारसं काही नाही, तेच बरं. हायग्रोमीटर कपाटात ठेवा. ६५ पर्यंत काळजी नको, ७० च्या वर आठवडाभर राहिला तर लक्ष द्या, कारण बुरशीला तिथून पुढे फावतं. अशा वेळी ऊन पडलेल्या दुपारी तासभर कपाट उघडं टाका आणि समोर टेबल फॅन लावा. पाऊस चालू असताना कपाट 'हवा लागावी' म्हणून उघडं ठेवू नका, आत जाणारी हवा बाहेरची ओलीच असते. खोलीत एसी असेल तर दारं उघडी ठेवून दोन तास ड्राय मोडवर चालवा.

कपडे दोरीवर वाळत असलेली खोली आणि ठेवणीची खोली एकच असेल तर निदान कपाटाची दारं घट्ट लावा. एका बादलीभर पिळलेल्या कपड्यांतून दोन-तीन लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं.

१०. ऑक्टोबर: आता रेनकोटांची पाळी

ठेवणीतलं सगळं उघडा, एक दिवस हवा द्या, जे घालायचं ते कपाटात आणा. रिकाम्या झालेल्या जागेत पावसाळी सामान जातं.

रेनकोट आतून-बाहेरून साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवा आणि जमेल तर घडी न करता लटकवा. प्लॅस्टिकचा रेनकोट घडीत उन्हाळाभर राहिला तर स्वतःलाच चिकटतो, जूनमध्ये सोडवताना कडकन फाटतो. घडी करायचीच असेल तर मधे थोडी टाल्कम पावडर. छत्री उघडी वाळवायची, सांध्यांवर तेलाचा एकेक थेंब. गमबुटांत वर्तमानपत्राचे बोळे, इथे शाईची पर्वा नाही.

११. एवढं करूनही बुरशी किंवा कीड लागलीच तर

बुरशी: कपडा आधी घराबाहेर. आत झटकलात तर तिचे कण बाकीच्या कपड्यांवर बसतात. नाकाला रुमाल बांधा, उन्हात वाळू द्या, मग मऊ ब्रशने झाडा. ओला फडका आधी फिरवलात तर डाग आत मुरतो, नवऱ्याच्या ब्लेझरचं तेच झालं. सुती कपडा नंतर गरम पाण्यात धुवा. रेशीम आणि सूट ड्रायक्लीनला द्या आणि देताना बुरशीचा डाग आहे हे सांगा. कपाटाचा कप्पा पांढऱ्या व्हिनेगरने पुसा आणि दिवसभर उघडा ठेवा. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीही नाही, त्यातून क्लोरिन वायू सुटतो.

लोकरीला भोकं दिसली तर त्या पिशवीतला प्रत्येक कपडा संशयित. धुता येतील ते धुवा. बाकीचे एकेक करून प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आतलं थंड कापड हवेतलं पाणी ओढून घेतं. रात्रभर तशीच राहू द्या. जानेवारीत हे करायची वेळ आली तर फ्रीजर सोललेल्या मटाराने भरलेला असतो. आमच्याकडे त्या आठवड्यात रोज मटारउसळ, मटारभात आणि करंज्या झाल्या, आणि शाल आत गेली.